मेंढ्यांची वंशावळ आणि चार संगणक

अध्यक्षांनी सभेत माझी ओळख "आपल्या समाजाच्या डिजिटल वाटचालीचा दीपस्तंभ" अशी करून दिली. त्या वेळी दीपस्तंभाला ब्लॉकचेनवर काम करण्यासाठी संगणकात काय काय बसवावं लागतं, याची पुसटशीही कल्पना नव्हती. वाचून होते, एवढंच. पोहण्यावरचं पुस्तक वाचून कृष्णेत उतरणाऱ्यांची गत मला माहीत होती, पण तोवर मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर पोचले होते.

संघ होता माडग्याळी मेंढ्या पाळणाऱ्यांचा. ही मेंढी उंच असते आणि तिचं नाक पोपटासारखं बाकदार असतं. चांगल्या वंशाच्या नराला मोठा मान, त्यामुळे कोणता नर कुठल्या मेंढीच्या पोटचा यावरून मोठी भांडणं. पूर्वी संघाची एक वही होती. ती ज्याच्या घरी असे त्याच्या मेंढ्यांचे पूर्वज दर वर्षी थोडे थोडे थोर होत जात. शेवटी तीन तालुक्यांची माणसं एकमेकांच्या नोंदींवर थुंकायलाही तयार नव्हती. अशा वेळी पुण्याची एक कंपनी आली. ब्लॉकचेन म्हणजे एकच वही सगळ्यांच्या घरी, एकानं खाडाखोड केली तर बाकीच्यांच्या वह्या ती मानत नाहीत, असं त्यांच्या प्रतिनिधीनं समजावलं. ते बरोबरच होतं. पण त्यांच्या योजनेत सगळ्या प्रती त्यांच्याच पुण्यातल्या यंत्रांवर राहणार होत्या.

मी उठले आणि म्हणाले, "म्हणजे वही पुन्हा एकाच्याच घरी. फरक एवढाच, की हे घर वातानुकूलित आहे."

लोक हसले. हसणं ओसरल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "मग ताई, आपण करता का?"

साताऱ्याच्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. शेवटची काही वर्षं मुलांबरोबर प्रोग्रॅमिंगही शिकले. स्वेच्छानिवृत्ती घेतल्याला वर्ष झालं होतं. नाही म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून थोरल्या भावाचा आवाज आला, "करंल ती."

माझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. भाऊ अजूनही त्यांच्या मागं माण-खटावपासून कोकणापर्यंत हिंडतो. त्याला आपल्या प्रत्येक मेंढीची आई, आजी, पणजी तोंडपाठ आहे. ते सगळं कंपनीच्या यंत्रात गेलं असतं, तर उद्या आपल्याच मेंढीची पणजी कोण हे विचारायला त्याला पुण्याला अर्ज करावा लागला असता. मुदत पडली पंधरा दिवसांची. सर्वसाधारण सभेत माझी नोंदवही चालली तर ती संघाची, नाही तर तिथंच कंपनीबरोबर सही.

सांगलीत पेंडीच्या दुकानावर संघाची खोली आहे. तिथल्या संगणकाला कुणीतरी पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलेलं होतं. आधी ते पुसलं. मग त्यात फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. त्यानंतर प्रोग्रॅम चालवणारं एक साधन, त्यावर नियमांचं भाषांतर यंत्राच्या भाषेत करणारं दुसरं, आणि त्याच्यावर सरावापुरती साखळी, म्हणजे ती सामायिक वही, तयार करणारं तिसरं. ही उतरंड मांडताना कळलं, की वरच्या मडक्याला खालचं मडकं एका ठरावीक मापाचंच लागतं. मी हौसेनं सगळ्यात नवं साधन घेतलं होतं. पडदा लाल अक्षरांनी भरला. ते काढून जुनं घातलं, तर दुसरं रुसलं. दोन दिवस मी सोयरीक जमवत होते. मोबाइलच्या इंटरनेटवर एकेक फाइल उतरेपर्यंत खालच्या दुकानात पोत्यांच्या दोन गाड्या रिकाम्या होत.

तिसऱ्या दिवशी सगळं एकमेकांशी बोलायला लागलं. मग नियम लिहायला घेतले. याला 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. ते स्मार्ट नसतं आणि कॉन्ट्रॅक्टही नसतं. पानभर नियमांचा साधा प्रोग्रॅम असतो, बारसं तेवढं थाटात केलेलं. मी पहिला रकाना ठेवला: कळपातली एकूण मेंढरं. भावाला फोन करून विचारलं, किती लिहू?

"आगं, येडी का काय तू? मेंढरं मोजत्यात व्हय कुनी?"

"मग मेंढरू हरवलं तर कळतं कसं?"

"तुझ्या घरात चार मानसं हायती. एक न्हाई आलं तर मोजून बघती का तू?"

मोजलं की दृष्ट लागते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. गणित शिकवता शिकवता विसरून गेले होते. रकाना काढला. कंपनीच्या फॉर्मात तो शेवटपर्यंत राहिला आणि लोकांनी त्यात 'देवाची कृपा' असं भरून दिलं, हे मला पुढं समजलं. माझ्या नोंदीत एकेका मेंढीचं नाव, तिची आई, तिचा बाप आणि ती कुणाच्या कळपात जन्मली, एवढंच ठेवलं.

चौथ्या दिवशी दुपारी भावाची पहिली मेंढी साखळीत चढली. तिच्या मागोमाग अकरा आणखी. साताऱ्याच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते, इतकी की उंब्रजला चढलेल्या बाईनं जागा असूनही दुसरं बाकडं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर साखळी कोरी. एकही मेंढी नाही. पुन्हा भरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी. जगात ज्या एकमेव गोष्टीतून काहीच पुसता येत नाही म्हणून तिचे पोवाडे गायले जातात, ती रोज माझ्या डोळ्यांदेखत पुसली जात होती. नियमांमध्ये चूक असेल म्हणून मी ओळ न्‌ ओळ तपासली. तीन दिवस त्यात गेले.

आठव्या दिवशी निघायला उशीर झाला. साडेपाच वाजले आणि खोलीची किल्ली सांभाळणारे सुभेदार वर आले. फौजेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे. त्यांनी मला नमस्कार केला, भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खटकन खाली ओढला. संगणक मिटला.

"आवं सुभेदार, हे काय केलंत?"

"रोजचंच हाय म्याडम. साडेपाचला मेन डाउन. अध्यक्षांची ऑर्डर हाय."

"रोज?"

"तीन वर्सं झाली. एक दिवस चुकलो न्हाई."

मी त्यांच्यावर चिडणार होते. पण घरी जाऊन त्या सरावाच्या साखळीची माहिती पहिल्यांदाच नीट वाचली. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं: ही साखळी फक्त सरावासाठी आहे, बंद केली की सगळं पुसलं जातं. सत्तावीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये ओरडत आले होते, की आधी सूचना वाचा, मग पेनाला हात लावा. सुभेदारांचा काडीचा दोष नव्हता.

रविवारी भाऊ साताऱ्याला आला. त्याला सांगितलं, की एक यंत्र बंद पडलं आणि सगळं गेलं. तो चहा बशीत ओतत होता.

"समदी मेंढरं एका जागी ठेवल्यावर दुसरं काय व्हनार?"

"म्हणजे?"

"आमी ठेवतो का? थोडी माझ्यासंगं, थोडी मेव्हन्याकडं, थोडी थोरल्या चुलत्याच्या वाड्यात. रोग आला तर एक वाडा जाईल, बी तर ऱ्हाईल."

वाडा म्हणजे आमच्याकडे रानात उतरलेलं बिऱ्हाड आणि त्याचा कळप. मला ब्लॉकचेनवरच्या पुस्तकांनी जे चाळीस पानांत सांगितलं होतं, ते त्यानं बशी खाली ठेवायच्या आत सांगितलं. वाचताना मी मान डोलावली होती आणि सगळी साखळी मात्र सांगलीच्या एका पाटावर बसवली होती. दादा, तू कॉलेजात यायला हवं होतंस, असं मी म्हणाले. तो म्हणाला, "मग मेंढरं काय तू राखली आसतीस?"

उरलेल्या दिवसांत सराव सोडून खरी साखळी उभी केली. चार यंत्रं ठरवली: एक सांगलीच्या खोलीत, एक साताऱ्यात माझ्या घरी, एक उंब्रजला चुलत भावाच्या खतांच्या दुकानात आणि एक जतमध्ये एका शिक्षकांच्या घरी. चारांपैकी तिघांचं एकमत झालं तरच नोंद पक्की. प्रत्येक ठिकाणी तीच उतरंड, त्याच मापाची मडकी. हा अनुभव आता गाठीशी असल्यामुळे जिथं पहिल्यांदा तीन दिवस लागले तिथं एक दुपार पुरली. उंब्रजच्या यंत्रानं सांगलीच्या यंत्राला ओळख दिली, तेव्हा मी खतांच्या पोत्यावर बसून टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकांना वाटलं, काही सवलत जाहीर झाली.

सभेला खोली गच्च भरली. कंपनीचा प्रतिनिधी आला होता, 'इकोसिस्टम' हा शब्द त्यानं इतक्यांदा वापरला, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं तो कुठल्या गावचा, असं विचारलं. मग माझी पाळी. मी भाषण केलं नाही. भावाला पुढं बोलावलं. तो एकेका मेंढीची पिढी सांगत गेला आणि मी भरत गेले.

जतकडचे एक म्हातारे पैलवान उठले. भावाचे जुने वैरी. यांच्या आणि आमच्या घराण्यात एका नरावरून दहा वर्षं बोलणं नव्हतं.

"बाई, ह्ये यंत्र मी बंद केलं तर?"

"करा की."

त्यांनी स्वतः जाऊन वायर उपटली. पडदा काळा झाला. प्रतिनिधीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मी म्हणाले, जतला फोन लावा. शिक्षकांनी तिकडून भावाच्या मेंढ्या आजीपणजीसकट वाचून दाखवल्या.

पैलवानांचं समाधान झालं नाही. वायर परत लावून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सगळ्या खोलीला ऐकू येईल अशा आवाजात कुजबुजले, "आता ह्याच्या नराचा बाप बदला बघू. गुपचूप. आमचा घाला."

"उघड उघड बदलते," मी म्हणाले. सांगलीच्या यंत्रातल्या प्रतीत, थेट फाइलमध्ये हात घालून, मी बाप बदलला. भाऊ उभाच राहिला. यंत्र पुन्हा चालू केलं, तर त्यानं इतर तिघांशी हिशेब जुळत नसल्याचं सांगितलं आणि पुढं जायचं नाकारलं. जत, सातारा आणि उंब्रज आपापल्या जागी जुन्याच बापावर ठाम होते. मग मी सांगलीची बिघडलेली प्रत फेकून दिली. त्या तिघांकडून ताजी उतरवून घेतल्यावर यंत्र निमूट रांगेत आलं.

पैलवानांनी पडद्याकडे आणि मग भावाकडे पाहिलं.

"बाई सोताच्या भावाचं बी बदलू शकंना झाली. मग झालं तर! माझ्या मेंढ्या लिवा ह्यात."

"तुमच्या?" भाऊ म्हणाला. "त्यांचा बाप कोन, ते ठरलंय का आधी?"

"तुझ्यासमोरच सांगतो की. चुकलं तर बोल."

आणि ते दोघं खरंच शेजारी बसले. पैलवान पिढी सांगायचे, भाऊ मध्येच "न्हाई न्हाई, ती काळ्या कानाची" म्हणायचा, पैलवान डोकं खाजवून "व्हय रं, खरं हाय" म्हणायचे. मागं रांग लागली. अध्यक्षांनी ठराव मांडायला घसा साफ केला, पण हात आधीच वर झाले होते, सगळ्यांचे. प्रतिनिधी आपला लॅपटॉप पिशवीत घालून खाली गेला. जाताना त्यानं मला हळूच विचारलं, तुमची कंपनी कोणती? मी म्हणाले, धनगर.

अध्यक्ष शाल आणि श्रीफळ घेऊन गर्दीतून वाट काढत होते. मी त्यांना रांगेच्या शेवटी उभं राहायला सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या नराचं नाव काय?"