पी.टी.च्या बाईंचा न झालेला मनोरा

आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाईंइतकं चुकीच्या वेळी बरोबर असणारं माणूस मी अख्ख्या नाशकात दुसरं पाहिलं नाही. इंदिरानगरच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि त्या मैदान सांभाळायच्या. नव्वदच्या दशकात कधीतरी अमेरिकेतल्या भावाने त्यांना आपल्या मुलीच्या शाळेतल्या स्पर्धेची व्हिडिओ कॅसेट पाठवली आणि बाई चिअरलीडिंगच्या नादी लागल्या त्या लागल्याच. ‘‘दुसऱ्यांचा सामना चालू असताना गोंडे हलवायचे, हा कसला खेळ?’’ असं विज्ञानाच्या सरांनी विचारायचा अवकाश, बाईंनी स्टाफरूममधली दोन डस्टरं उभी करून त्यांवर खडूंची पेटी चढवली. ‘‘खाली या दोघी, त्या बेस. वर चढते ती फ्लायर. मागे हात वर करून उभी असते ती स्पॉटर, वरची पडलीच तर झेलणारी. उड्या, कोलांट्या, आरोळ्या, सगळं एका दमात, आणि परीक्षक गुण देतात. आता बोला!’’ एवढ्यात पेटी कलंडली. ती बाईंनी हवेतच झेलली, सरांचा चहा मात्र सांडला.

पुढे पुढे त्यांना सगळी माणसं याच तीन जातींची दिसू लागली. नव्या मुख्याध्यापिकाबाईंबद्दल त्यांचं मत होतं, ‘‘वर छान दिसतात गं, पण खाली कुणी टिकत नाही त्यांच्या.’’ माझ्या भाच्याच्या लग्नात तर कहर झाला. हार घालताना पोरांनी नेहमीप्रमाणे नवऱ्या मुलाला उचललं, तशा बाई पंगतीच्या रांगेतून थेट स्टेजवर गेल्या. ‘‘अरे, कंबर काय धरताय? पाऊल धरा, पाऊल! आणि मागे कोण आहे?’’ मागे कुणीच नव्हतं, म्हणून त्या स्वतः हात वर करून उभ्या राहिल्या. भटजी अक्षता हातात धरून थांबले. लग्नाच्या अल्बममध्ये वरमाईपेक्षा बाईच जास्त दिसतात, हे माझी वहिनी अजून मला ऐकवते.

मुलींचा संघ काढायची परवानगी मात्र वर्षानुवर्षं मिळेना. ‘यंदा लेझीम बसवा, पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर ठरलेलं. ती मिळाली तेव्हा बाईंच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. मग द्राक्षांच्या पेट्या बांधायच्या प्लॅस्टिकच्या सुतळीचे गोंडे झाले, मैदानावर जुन्या गाद्या आल्या, आणि सातपूरच्या एका कामगाराची सुरेखा नावाची काटकुळी मुलगी फ्लायर झाली. बाईंचा नियम एकच. सुरेखा वर असेपर्यंत खालच्या कुणीही प्रेक्षकांकडे बघायचं नाही. ‘‘नजर वर!’’ ही त्यांची आरोळी रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही पाठ झाली होती. एकदाच, फक्त एकदा, या पोरींना स्टेजवर सगळ्यांनी बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि नेमकं त्याच वर्षी टीव्हीवरच्या क्रिकेटमध्ये चौकार गेला की नाचणाऱ्या परदेशी मुली आल्या. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत ‘चिअरलीडिंग’ छापलेलं पाहून पालक शाळेत आले. सुरेखाचे वडील पहिली पाळी सोडून आलेले. ‘‘बाई, तुमच्यावर भरोसा हाये. पण कंपनीत लोकं हसत्यात. पोरीला कुठं तोंड दाखवू देत नाय.’’ मुख्याध्यापिकाबाईंनी तोडगा काढला, ‘मानवी मनोरे’ म्हणा, दरवर्षी होतातच, कुणी काही बोलणार नाही. मीही बाईंची मनधरणी केली. पण बाई अडून बसल्या. ‘‘कबड्डीला आपण फुगडी म्हणतो का? पोरी जो खेळ शिकल्या त्याचं नाव चोरून घ्यायचं? मग त्यांनी काहीतरी वाईट केलं असंच होईल ना!’’ कार्यक्रम रद्द झाला. त्या जागी लेझीम झालं. बाईंचं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. आणि तरी वाटतं, तेवढं एकदा त्यांनी ऐकायला हवं होतं.

पुढच्याच वर्षी त्यांचा निरोप समारंभ झाला. कॉलेजात गेलेली सुरेखा आणि संघातल्या तिच्या दोन मैत्रिणी मुद्दाम आल्या होत्या. अध्यक्षांचं भाषण ऐन रंगात असताना बाईंच्या नावाचा फलक एका बाजूने सुटला. शिपाईमामा तो बांधायला टेबलावर स्टूल ठेवून चढले. स्टूल डगमगलं, आणि उत्सवमूर्तीच्या खुर्चीतून बाई उठल्या. खांद्यावरची शाल खाली पडली तरी त्यांना कळलं नाही. त्या मामांच्या मागे हात वर करून उभ्या राहिल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तिन्ही मुली धावल्या आणि त्यांनी स्टुलाचे पाय धरले. ‘‘नजर वर!’’ बाई ओरडल्या. सभागृह खो खो हसलं.

मला हसू आलं नाही. ज्या स्टेजवर सुरेखाने वर जायचं होतं, तिथे ती वाकून स्टूल धरून होती. समोर अख्खी शाळा बसली होती, पालक होते, पाहुणे होते. अखेर सगळ्यांनी त्यांना पाहिलं. पण बाई आणि त्या तिघींपैकी एकीनेही आमच्याकडे बघितलं नाही.