खो-खोनंतरची झोप

शहराच्या टोकाला, बेसा या वस्तीत राहायला आल्यानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या बायकांनी खो-खोचा संघ काढला. पुढाकार होता मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेचा. आम्ही सगळ्या त्यांना मॅडम म्हणायचो. जानेवारीत शेजारच्या कॉलनीशी सामना ठरला होता, त्यामुळे दिवाळी आटोपताच रविवार-गुरुवार सकाळी सराव सुरू झाला.

मी तेव्हा सत्तेचाळीसची, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. शाळेत असताना तालुक्यापर्यंत खेळले होते आणि हे सगळ्यांना दोनदोनदा सांगूनही झालं होतं.

पहिल्या आठवड्यात अंग दुखलं, ते सगळ्यांचंच दुखलं. पण पुढे सराव संपला की बाकीच्या हसतखिदळत पोहे खायला जायच्या आणि मी घरी येऊन बुटांसकट पलंगावर आडवी व्हायचे. रविवारी तर दुपारचे तीन वाजले तरी डोळे उघडत नसत. नवरा म्हणायचा, "वय झालं आता. झेपेल तेवढंच करत जा." मलाही ते पटायचं.

मग एका गुरुवारी मला पाठीमागून खो मिळाला आणि मी उठलेच नाही. उठावंसं वाटत होतं, पण पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे नुसते पडून होते. कानात घूं घूं आवाज. "उठ नं वं!" कुणीतरी ओरडलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र रडले, आणि त्यानंतर सरावाला गेलेच नाही.

दोन आठवड्यांनी मॅडम स्वतःच घरी आल्या.

"काहून वं, येऊन नाही राहिली?"

"कॉलेजात पुस्तकांची मोजणी सुरू आहे, मॅडम."

"जन्मभर पोरी खेळवल्या मी. बहाणा कळते मले. दम लागते का तुले?"

"लागतो," मी म्हटलं. "आता तर जिना चढतानाही लागतो."

"अन् पाळी?"

हा शब्द ऐकताच नवरा पेपर घेऊन आत गेला. दोन वर्षांपासून अंगावरून फार जात होतं, कधीकधी पंधरा दिवसांतच पुन्हा. या वयात असंच होतं असं धरून मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मॅडमना सांगितलं.

आतून आवाज आला, "मी म्हणतच होतो, वय झालं."

"मी अडुसष्टची आहो," मॅडम तिकडे तोंड करून म्हणाल्या. "मले काहून नाही लागत दम?"



सोमवारी त्याच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन आठ निघालं. सोनोग्राफीत गर्भाशयात एक लहानशी गाठ दिसली, घाबरण्यासारखी नव्हती.

"अपुरी झोप, उपाशीपोटी व्यायाम, थायरॉईड, नुकताच येऊन गेलेला ताप, अशा थकव्याला पुष्कळ कारणं असतात," त्या म्हणाल्या. "तुमचं हे निघालं. शरीरात रक्तच कमी, तर पाय कशाच्या जोरावर पळतील?"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यासमोरच हसले. मी आळशी नव्हते, म्हातारीही झाले नव्हते.

रक्तस्राव कमी करायची गोळी मिळाली, लोहाची मिळाली, आणि खो-खो काही दिवस बंद. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, जेवणाला लागून चहा नाही. हे शेवटचं नवऱ्याने फारच मनावर घेतलं. दुपारचा डबा खाऊन झाला की त्याचा रोज फोन यायचा, "चहा पिऊन तर नाही राहिली?" त्याची ती पाळत मला आवडायला लागली होती.

जानेवारीच्या सामन्यात मी शिट्टी आणि घड्याळ घेऊन बाहेर उभी होते. आम्ही सपाटून हरलो. मार्चमध्ये दुसरा रिपोर्ट आला, अकराच्या वर. डॉक्टरीणबाईंनी हळूहळू खेळायची परवानगी दिली.

पहिल्याच सकाळी मी खो मिळताच उठले, धावले आणि जानेवारीत आमच्या संघात सगळ्यात चपळ ठरलेल्या बाईला खांबाजवळ गाठून बाद केलं. दम लागला, पण पाणी पिईपर्यंत ओसरलाही. मी दोन्ही हात वर केले.

"हात खाली घे," मॅडम म्हणाल्या. "मधल्या रेषेवर पाय पडला तुझा. फाऊल आहे."

मी भांडले. पूर्ण पाच मिनिटं, न थकता भांडले.