खंडेनवमीचं तेल

मला मुलगा झाला आणि बाबांना माझ्या घरी जेवायची मोकळीक मिळाली. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. लग्नानंतर कितीतरी वेळा ते नागपूरला आले, दारात संत्र्यांची पिशवी ठेवली, आणि तहानलेलेच नरखेडच्या एसटीत जाऊन बसले. मला या प्रथेचा मनस्वी राग यायचा. म्हणून त्या वर्षी नवरात्रात ते पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की कोजागिरीपर्यंत त्यांना हलू द्यायचं नाही. हे घर त्यांना आपलं वाटलं पाहिजे, पुन्हा मुद्दाम बोलवायची वेळ येता कामा नये, एवढीच माझी इच्छा होती.

दोनच दिवसांत ते रुळले. नातवाला मांडीवर घेऊन ओसरीत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी पावसापाण्याचं बोलायचे. सासूबाईंना ते थोडं जास्त वाटायचं. आमची धरमपेठेतली गल्ली शिष्ट होती, तिथे लोक एकमेकांकडे पाहून फक्त मान हलवत.

खंडेनवमीला आमच्या मळ्यात अवजारांची पूजा होते, आणि पूजेच्या आधी प्रत्येक अवजाराला तेल मिळतं. देवाला आंघोळ घातल्याशिवाय जसं गंध लावत नाहीत, तसंच ते. विहिरीवरचं इंजिन, कडबा कापायचं यंत्र, बैलबंडीची चाकं, कोणी सुटत नाही. बाबांनी इथेही तोच नेम पाळला. सकाळीच फळीवरचा तेलाचा डबा काढून त्यांनी माझ्या शिलाई मशीनला तेल दिलं, सायकलच्या चेनला दिलं, फाटकाची कुरकुर बंद केली आणि शेवटी मोटारीचं बॉनेट उघडलं. मोटार सेकंडहँड होती, पण ह्यांचा जीव तिच्यात होता. मी दारातून बघत होते आणि मला बाबांचं फार कौतुक वाटत होतं. पूजेला बसताना त्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला तेव्हा सासूबाईसुद्धा खूश झाल्या.

दसऱ्याला सोनं वाटायला गेलो तेव्हा गाडी ठीक होती. नंतर मात्र ती ओढायला लागली आणि चाकांना जळका वास येऊ लागला. रविवारी ह्यांनी बाबांना रामटेकला न्यायचा बेत केला. डबे भरून आम्ही सगळे गाडीत बसलो आणि गल्लीच्या कोपऱ्यावर ब्रेक लागला तो सुटेचना. गाडी हूं की चूं करीना. बघता बघता शेजारी जमले. मान हलवणाऱ्या लोकांना त्या दिवशी बरीच वाचा फुटली. कोणी म्हणे हँडब्रेक अडकला, कोणी म्हणे ड्रम जाम झाला.

ह्यांना गाडीतलं बऱ्यापैकी कळायचं आणि चार लोकांसमोर सांगायलाही आवडायचं. जॅक लावून त्यांनी चाक उचललं. चाक हलेना. मग चाकामागचा हवा काढायचा छोटा नट सैल केला. आतून तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक गरागरा फिरलं. म्हणजे दोष चाकात नाही, ह्यांनी जाहीर केलं, ब्रेकचं तेलच परत जात नाहीये. त्यांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीत बोट बुडवलं, चोळून पाहिलं आणि मला पेलाभर पाणी आणायला सांगितलं.

मी पाणी आणलं. त्यात त्यांनी बोटावरचा थेंब सोडला. ब्रेकचं तेल पाण्यात मिसळून जातं, हे ते सगळ्यांना समजावून सांगत होते. हा थेंब मात्र पसरून वर तरंगत राहिला. कोणीतरी ब्रेकच्या डबीत इंजिनचं तेल ओतलं होतं, त्यामुळे आतली सगळी रबरं फुगून बसली होती. पेला माझ्या हातात होता. नवमीची सकाळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि मला माझ्या बापाची लाज वाटली. हे जसंच्या तसं लिहिते, कारण त्या क्षणी दुसरं काही वाटलं नव्हतं. बाबांनी गप्प बसावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

ह्यांचा संशय मेकॅनिकवर होता, कारण महिन्यापूर्वीच त्याच्याकडे गाडी दिली होती. "हे कोणा तरी अडाण्याचं काम आहे," ते म्हणाले. "आत्ता जाऊन विचारतो त्याला." सासूबाईंनी मागून आणखी दोन शब्द जोडले.

बाबा मागच्या सीटवरून उतरले. नातवाला त्यांनी माझ्याकडे दिलं.

"जावईबापू, कोणाले बोलू नका," ते म्हणाले. "तेल म्या टाकलं. मले कमी दिसलं."

ह्यांचा चेहरा गोरामोरा झाला. काहीच हरकत नाही, कोणाच्याही हातून होतं, असं ते तीन-चारदा म्हणाले, आणि दर वेळी ते जास्तच वाईट ऐकू येत होतं. शेजारी एकेक करून पांगले. चारही चाकांचे ते हवेचे छोटे नट सैल करून आम्ही गाडी ढकलत घरी आणली. बाबा सगळ्यात मागे, धोतर खोचून, सगळ्यांपेक्षा जास्त जोर लावत होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बर्डीच्या बाजारातून नवी रबरं आणि पाइप आणले. सगळं उघडलं, स्पिरिटनं धुतलं, पुन्हा बसवलं. शेवटी तेलातली हवा काढायला एकानं वर पेडल दाबायचं आणि एकानं खाली नट सांभाळायचा असतो. मी पुढे झाले, पण ह्यांनी मुद्दाम बाबांनाच बोलावलं. त्यांना बाबांचं मन राखायचं होतं, हे मला कळत होतं. बाबांनी चपला काढल्या, सीटच्या कडेला अवघडून बसले आणि पाय उचलून तसेच थांबले. ज्या जावयाचे पाय त्यांनी मांडवात धुतले होते, तो खाली मातीत उताणा पडला होता.

"खाली जावई हायेत," ते माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले. "वरतून पाय कसा देऊ?"

ह्यांनी खालून हसून सांगितलं की पाय पेडलवर आहे, माझ्यावर नाही. मग दाबा, सोडा, दाबा, सोडा असं बराच वेळ चाललं. बाबा पेडल इतकं जपून दाबत होते की ह्यांना पुन्हा पुन्हा, अजून जोरात, असं म्हणावं लागत होतं. अखेर चाकं हातानं फिरू लागली. ह्यांनी रामटेकचा बेत पुन्हा काढला. बाबा म्हणाले, संत्र्याचा आंबिया बहार उतरवायचाय, माणसं खोळंबली असतील. सकाळी ते गेले. मी थांबवलं, पण त्यात जोर नव्हता, आणि ते त्यांनाही समजलं असणार.

पुढे ते आले नाहीत असं नाही. वर्षातून एकदा येत, जेवत, एखादा मुक्काम करत. अशाच एका मे महिन्यात दुपारी मी बाहेरून आले, तर बाबा बैठकीत एकटेच बसलेले, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. डोक्यावरचा पंखा बंद होता आणि बटण त्यांच्या हाताशीच होतं. मी विचारलं, बाबा, पंखा का नाही लावला?

"तू यायचीच वाट पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "लावू का वं बाई?"