पाणी बेतानं पी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून उभी असताना ही गोष्ट आठवली, तर मी घाईघाईनं मोठ्यानं स्तोत्र म्हणायला लागते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर तुमच्या लेखी मी एक बरी बाई आहे. तशी मी तिच्याही लेखी आहे — तीच तर अडचण आहे.

ती म्हणजे कमल. मुकुंदवाडीत स्टेशनच्या रस्त्याला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मी त्याच शहरात, गारखेड्यात राहते. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर करमेना म्हणून आमच्या भागातल्या बायका गोळा करून सकाळचं चालणं सुरू केलं. ‘पहाटफेरी’ हे नावसुद्धा माझंच. बूट कुठले घ्यायचे, चालण्याआधी काय खायचं, चहा किती प्यायचा — सगळं मला विचारून व्हायचं. मला ते फार आवडायचं. का नाही आवडणार? घरात कोण विचारत होतं मला काही?

मग कुणीतरी कमलला घेऊन आलं. साडीखाली कॅनव्हासचे बूट, केसांना चापूनचोपून तेल. मला म्हणाली, “ताई, मला चालायचं म्हणजे काय ते शिकवा बरं का.” मी शिकवणार तिला! तिचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले, आणि लग्न होईपर्यंत ही त्यांच्या मागं. पहिल्याच रविवारी आम्ही दौलताबादचा किल्ला चढायला गेलो. मी अंधारीतल्या, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारातल्या, पायऱ्यांवर भिंतीला टेकून धापा टाकत होते, आणि ही वर जाऊन, पाणी पिऊन, माझी पिशवी घ्यायला परत खाली आली. वर पोचल्यावर सगळ्यांना पेरू कापून दिले. त्या दिवसापासून बायका मला विचारायच्या बंद झाल्या असं नाही — पण विचारताना तिच्याकडे बघायला लागल्या.

मी जळायचे. आडवळणानं कशाला सांगू? तिच्या पायांवर जळायचे, तिच्या मोकळ्या हसण्यावर जळायचे. कुणी म्हणालं, कमल आली की फेरीला मजा येते, की माझ्या पोटात दुखायला लागायचं. तिचं वाईट व्हावं असं वाटायचं का? नाही. तिनं एकदा, फक्त एकदा, मागं राहावं — एवढंच वाटायचं. हे निराळं आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

हिमाचलची सहल मीच ठरवली होती. आठ बायका. तिथल्या एका खेड्यात मुक्काम, आणि एक दिवस वाटाड्या बरोबर घेऊन खूप उंचावरच्या कुरणापर्यंत जाऊन यायचं. कमल आधी येणार नव्हती. पण उन्हाळ्यात त्या कुरणावर मेंढपाळ कळप घेऊन येतात, असं मी बोलता बोलता म्हणाले, आणि तिचे डोळे असे चमकले की काय सांगू. तिचे वडील, आबा, तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. दिसायचं कमी झालं होतं, पण मेंढरांचा विषय निघाला की उशीवर उठून बसायचे. “आबाला सांगायचंय वो ताई,” ती म्हणाली, “बर्फातली मेंढरं कशी असत्यात, काय खात्यात. त्यांनी जल्मभर इचारलंय.” तिला शिखर नको होतं, फोटो नको होता. तिला मेंढरं बघून यायची होती. हे मला माहीत होतं, हे ध्यानात ठेवा.

खाण्यापिण्याचं काय न्यायचं ते मी सगळ्यांना वाटून दिलं होतं. खारीक-बदामाचे लाडू मी स्वतः केले होते, महागातला सुकामेवा घालून. कमलनं आणल्या दुधात भिजवलेल्या दशम्या, आणि लसणाची कोरडी चटणी. चढाईच्या आदल्या संध्याकाळी आमचे वाटाडे नेगीजी मुक्कामी आले, चांगले पिकल्या मिशांचे गृहस्थ. सगळ्यांचे डबे बघितले. माझा लाडू हातात घेऊन म्हणाले, इसमें घी बहुत है, ऊपर पचेगा नहीं. आणि दशमीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, चटणी लावून दुसरा खाल्ला, आणि म्हणाले, ये तो पहाड़ के लिए ही बनी है. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! मीही वाजवल्या.

मग त्यांनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. तळलेलं नको. भूक लागली नाही तरी थोडं थोडं खात राहायचं — दशमी, गूळ-शेंगदाणे, उकडलेला बटाटा, खजूर. चहा कमी. आणि पाणी — हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं — पाणी आत्तापासूनच प्यायला लागा. उद्या तहान लागायची वाट बघू नका, घोट घोट पीत राहा, एका बाटलीत मीठ-साखर घाला. त्यात मला नवीन काय होतं? उंचावरची हवा विरळ आणि कोरडी असते, नुसत्या श्वासातून अंगातलं पाणी जातं, हे मी पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं होतं.

कमल हे ऐकायला तिथं नव्हती. ती गच्चीवर होती, कारण फोन फक्त तिथंच लागायचा, आणि आबांशी बोलायची ती तिची वेळ होती. आम्ही दोघी एकाच खोलीत. खाली आल्यावर तिनं विचारलं, “काय म्हणले वो ते?”

मी सगळं सांगितलं. तळलेलं नको सांगितलं, गूळ-शेंगदाणे सांगितले, चहाचंही सांगितलं. आणि मग — कपड्यांची घडी घालता घालता, तिच्याकडे न बघता — म्हणाले, “पाणी मात्र बेतानं पी. वर सगळं उघडं रान आहे, आडोसा नाही कुठं. पुरुषमाणसं बरोबर असणार. पंचाईत होईल.”

किती सोपं होतं! खोटं वाटायला जागाच नव्हती. आपण बायका एसटीत बसायच्या आधीपासून पाणी तोडतो की नाही? आईनं आपल्याला तेच शिकवलं, आपण लेकींना तेच शिकवलं. कमलनं तर हातातला पेला तसाच खाली ठेवला. “बरं झालं सांगितलं,” म्हणाली. “मला तर ध्यानातच आलं नसतं.”

सकाळी निघताना तिनं अर्धा कप चहा घेतला, बस. बाटली भरलेली, पण पिशवीत तळाशी. मी घोट घोट पीत चढत होते. अर्थातच मला जावं लागलं. दगडाआड मी बसले, आणि नेगीजींकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून माझी ओढणी धरून कोण उभी राहिली? कमल. वारा इतका होता की ओढणी तिच्या तोंडावर फडफडत होती. हसून म्हणाली, “ताई, मला सांगून तुमीच पिलात वाटतं?” मी म्हटलं, रक्तदाबाची गोळी आहे ना मला, तिच्यानं होतं. तीही थाप. रक्तदाब माझ्या नवऱ्याला आहे. बाकीच्या बायकांसाठीही तिनंच ओढणी धरली. आठजणींत तिला एकटीलाच लागली नाही.

मग तिचं पाऊल जड पडायला लागलं. ती मागं राहिली. तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं असेल — मला बरं वाटलं. मी तिच्या पुढं चालत होते आणि मागं वळून “ये गं हळूहळू” म्हणत होते. किती गोड वाटत होतं ते म्हणताना! थोड्या वेळानं ती एका दगडावर बसली, डोकं धरलं, आणि भडाभडा ओकली. ओठ कोरडेठाक, काळवंडलेले. नेगीजी धावत आले. पहिला प्रश्न त्यांनी तोच केला, पानी पिया था?

तिनं माझ्याकडे बघितलं. परक्या पुरुषापुढं काय सांगणार होती ती — लघवीला लागेल म्हणून प्यायले नाही? मान खाली घालून म्हणाली, “पिया, पिया.”

माझ्या हातात भरलेली बाटली होती. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. एकच. नेगीजींना वाटलं, पाणी पिऊनही असं होतंय म्हणजे हिला उंचीच सोसत नाही, आता वर न्यायचंच नाही. त्यांनी मागून सामान घेऊन येणारा आपला जोडीदार बरोबर देऊन तिला खाली धाडलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, जिवापेक्षा का मेंढरं मोठी आहेत! मग मी वर गेले.

मेंढरं होती. कुरणभर होती. मी त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढून घेतले.

संध्याकाळी खाली आले तेव्हा ती रजईत पडून होती. उठून बसायला बघत म्हणाली, “व्हती का? कशी व्हती?” कान कसे होते, शेपूट केवढं, लोकर पायापर्यंत होती का, एकेक विचारायला लागली. मला काय ठाऊक? माझ्या फोटोत ती मागं खडी पसरल्यासारखी दिसत होती. मी ठोकून दिलं. मोठी होती, म्हटलं. कान लांब, खाली लोंबणारे. तशीच ती गच्चीवर गेली, भिंतीला धरून धरून, आणि आबांना सांगितलं. खाली आली तर डोळ्यांत पाणी. “आबा म्हणले, लोंबते कान म्हंजी आपल्याच वाणाची गं. आपली मेंढरं तिथवर गेली म्हणले. लई हासले.”

आबा पुढच्या दिवाळीआधी गेले. कमल सांगते, शेवटपर्यंत येईल त्याला सांगत होते — आपल्याच वाणाची मेंढरं हायत तिथं बर्फात. ती त्यानंतर डोंगर कधी चढली नाही. दौलताबादचा किल्लासुद्धा नाही. “माझ्या अंगाला नाय झेपत,” म्हणते, आणि खाली पिशव्या सांभाळत बसते. किल्ल्यावर आता सगळ्यांच्या पुढं मी असते.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी बहुतेक गप्पच राहिले असते. पण मागच्या आठवड्यात मैदानावर फेरी झाल्यावर शीतल, आमच्यातली नवी मुलगी, लडाखला निघाले म्हणून सांगत होती. कमलनं तिला जवळ बसवून घेतलं आणि मायेनं सांगायला लागली, “पाणी बेतानं पी बरं का. वर आडोसा नसतो. मला आपल्या मंगलताईनं सांगितलं व्हतं, म्हणून माझी अब्रू राह्यली.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही नाही! अजिबात नाही. भरपूर पी, तहान नसली तरी पी, नाहीतर आजारी पडशील.”

कमल माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. शिवण उसवली तर कुठून उसवली ते बघतात ना, तशी. “मग ताई,” ती म्हणाली, “मला...”

आता सांगायचं होतं. समोर बसली होती, विचारत होती. आणि मी म्हणाले, “तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं गं?”

“व्हय,” ती लगेच म्हणाली. “तवा कुणाला काय म्हाईत.” आणि तिनं स्वतःची बाटली उघडून माझ्यापुढं धरली, कारण माझा घसा सुकला होता आणि ते तिला दिसलं होतं. मी ती घेतली. सगळं पाणी प्यायले.

मला माहीत होतं.