हात ढिला सोड

भुकेली नात आता रडायचीही थांबली होती. सिझर झालेली सून टाक्यांच्या भीतीने लाकडासारखी पडून होती. बाळ पाजायला पोटावर घेतलं की तिला कळ यायची, म्हणून ती कोणाला जवळ येऊ देईना. नर्सबाई समजावून थकल्या.

तेवढ्यात आमच्या गावची बांगडीवाली दवाखान्यात भेटायला आली. मला तिची बडबड आवडत नाही, पण बांगड्या मी तिच्याकडेच भरते. ती कधी हात ओढत नाही. पंजा दाबत राहते आणि म्हणते, "हात ढिला सोड, बाई."

"काहून आकडून राह्यली वं? मी मारून राह्यली का तुले?" ती सुनेला म्हणाली.

सून हसली, टाके दुखले, म्हणून रडली.

बांगडीवालीने सुनेच्या कुशीला उशी लावली. स्वतः बांगड्यांचं गाठोडं बगलेत धरते, तसं बाळ सुनेच्या बगलेत दिलं. पाय मागे, तोंड छातीशी. पोटावर भार आलाच नाही. मग ती सुनेचा पंजा दाबत बसली.

"ढिला सोड. पोट्टी पाहून घेते तिचं," ती नातीकडे पाहत म्हणाली.

बऱ्याच वेळाने नातीने घोट गिळला. तो मला ऐकू आला.

सून आणि नात, दोघींचीही सुटका झाली.