भोर, वाई, फलटण आणि आमचं न झालेलं घर

पुणं सोडायचं हे आमचं वारज्यातल्या घराच्या बाल्कनीत ठरलं. बाल्कनीत बसून ठरलं असं मात्र म्हणता येणार नाही, कारण तिथे आता बसता येत नाही. खाली बायपास, समोर नव्या इमारतीचं काम, आणि सकाळी पुसलेल्या कठड्यावर दुपारपर्यंत बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. गेल्या पावसाळ्यानंतर माझे यजमान श्रीकांत जे खोकायला लागले ते थांबेचनात. छातीच्या डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली आणि शेवटी म्हणाले, "दोघंही निवृत्त आहात. जमत असेल तर ही हवा सोडा."

"सोडली," श्रीकांत म्हणाले. "आता कुठली धरू ते सांगा."

हा माणूस असा आहे. सदाशिव पेठेत जन्मलेला, आयुष्यभर कारखान्यात मालाची तपासणी केलेला. दोष काढणं हा त्यांचा पगारी व्यवसाय होता आणि निवृत्तीनंतर तो छंद झाला. अशा माणसाला घेऊन घर शोधायला निघायचं असेल, तर वाचकहो, सोबत भरपूर पाणी आणि त्याहून भरपूर सहनशक्ती घ्या.

जानेवारीतल्या एका मंगळवारी भल्या सकाळी निघालो. शनिवार-रविवारी सातारा रस्त्याला जाऊ नका, सगळं पुणं तिथेच असतं. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल आणि कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोरचा रस्ता. वळल्यावर पाचच मिनिटांत श्रीकांतनी काच खाली केली आणि छान मोठा श्वास घेतला. मला वाटलं, झालं, इथेच घर घ्यायचं.

भोरमध्ये एजंट चौकात उभा होता. जागा गावातच आहे, चालत पाच मिनिटांवर, असं फोनवर सांगितलं होतं त्यानं. त्याच्या मोटरसायकलमागे आम्ही गाडीनं वीस मिनिटं गेलो. डांबर संपलं, खडी संपली, मग उसातून जाणारी एक पायवाट आली.

"नदी टच आहे साहेब!" तो अभिमानानं म्हणाला.

"पावसाळ्यात नदी आत येते, की आपण बाहेर जायचं?" श्रीकांतनी विचारलं.

त्यानं हसून विषय बदलला. तेच उत्तर झालं. मी दवाखाना कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, "पुण्याला जातात सगळे. जवळच आहे." म्हणजे पुणं सोडायचं आणि पडसं झालं की पुण्याला यायचं. गावातल्या खानावळीत पिठलं-भाकरी मात्र फर्मास मिळाली. तेवढी चुकवू नका. आमच्या यजमानांनी ठेच्यातही मीठ कमी असल्याचं नोंदवलं.

तिथून मांढरदेवीच्या घाटानं वाईला उतरलो. घाट अरुंद आहे, वळणं अंगावर येतात, पण वरून दिसणारं खोरं बघायला गाडी थांबवावीच. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो. ऊन तिरपं झालं होतं, पायऱ्यांवर बायका गप्पा मारत होत्या. श्रीकांत अर्धा तास खोकले नाहीत. मी घड्याळ लावून बसले नव्हते, पण हल्ली माझे कान आपोआप मोजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलेला फ्लॅटही देखणा होता. दोन खोल्यांतून डोंगर दिसत होता. माझ्या मनात पडदे लागायला सुरुवात झाली, तेवढ्यात खिडकीखालून ढोलकी वाजली आणि कुणीतरी माईकमध्ये "हॅलो, हॅलो, चेक" म्हणालं. शेजारी मंगल कार्यालय होतं.

"फक्त लग्नसराईत असतं हो," मालक म्हणाले.

"आणि एरवी?"

"एरवी मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं."

"म्हणजे माणसाच्या सगळ्या अवस्था," श्रीकांत म्हणाले, "एक सोडून. ती आमची आम्ही गाठू, इथे राहून."

मालकांनी दार लावून घेतलं. गाडीत मी तोंड उघडलं ते लोणंद येईपर्यंत मिटलं नाही. तुम्हाला गाव हवंय की परीक्षेचा पेपर? भोरला नदी नको, वाईला लग्न नको. रात्री तुम्ही उशीला टेकून बसता तेव्हा मीही जागीच असते, ते दिसतं का? सुरूरवरून महामार्ग, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला वळून लोणंद, पुढे फलटण, असा रस्ता आहे आणि तो बरा आहे, एवढंच मला त्या प्रवासातलं सांगता येईल.

फलटणच्या घराचा पत्ता माझ्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी दिला होता. एजंट नाही, मालकाशी थेट बोलणं. मालक जगताप, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. गावातली शांत गल्ली, बैठं घर, पुढे ओसरी, मागे अंगणात लिंबू, शेवगा आणि स्वतःची विहीर. दवाखाना खरोखरच चालत जाण्याच्या अंतरावर, कारण आम्ही चालत जाऊन पाहिला. श्रीकांतनी नळ सोडून बघितले, भिंतींवर टकटक केलं, गच्चीवर जाऊन आले आणि म्हणाले, "हं."

लग्नाला पस्तीस वर्षं होत आली. त्या "हं"चा अर्थ मला कळतो. दोष सापडला नव्हता.

जगतापकाका आणि श्रीकांत ओसरीवर बसले. कमलताई, म्हणजे जगतापांच्या पत्नी, मला चहाला आत घेऊन गेल्या. चहा उकळत ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, वाघोली कशी हाय हो?"

"का?"

"लेकानं तिकडं फ्लॅट घेतलाय. अकराव्या मजल्यावर. हे इकून आमी तिकडंच जायचं. ह्यांनी ठरवलंय. मी काय बघितली न्हाई अजून. तुमी पुण्याच्या, म्हणून इचारते. मोकळं हाय का? संध्याकाळी बायका बसत्यात का कुठं?"

माझ्या डोळ्यांसमोर वाघोली आली. म्हणजे नगर रस्त्यावरची न हलणारी गाड्यांची रांग, पाण्याचे टँकर आणि एकाला एक चिकटून उभे टॉवर. मग मागच्या दारातून शेवगा दिसला, विहिरीचा कठडा दिसला, आणि तिथे खुर्ची टाकून न खोकता पेपर वाचणारे श्रीकांतही दिसले.

"चांगली आहे हो," मी म्हणाले. "सगळं हाताशी मिळतं. करमेल तुम्हाला."

"असं व्हय?" त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी चहात साखर जरा जास्तच घातली.

आम्ही कप घेऊन ओसरीवर आलो, तेव्हा श्रीकांत नेमके रंगात आले होते. "वाघोली? अहो, तिथे रस्ता ओलांडायचा असेल तर माणसानं पलीकडच्या बाजूलाच जन्म घ्यावा. आणि पाणी टँकरनं येतं, आलं तर. सोन्यासारखी विहीर सोडून कुठे निघालात?"

जगतापकाकांचा चेहरा उतरला होता. कमलताईंनी ट्रे खाली ठेवला. "पर ह्या बाई तर म्हणाल्या, लई चांगली हाय."

श्रीकांतनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं.

"एवढं चांगलं असंल," कमलताई शांतपणे म्हणाल्या, "तर तुमी दोघं पुणं कशापायी सोडताय?"

खोटं पुढे रेटायला मी तोंड उघडलं, पण खरं तेच सांगितलं. ह्यांना धूळ सोसत नाही. रात्र-रात्र झोप नाही. दोन दिवस वणवण करून हे पहिलं घर मिळालं जिथे ह्यांनी नाक मुरडलं नाही, आणि ते हातचं जाऊ नये म्हणून मी खोटं बोलले. वाघोलीत मी कधी गाडीतून खालीसुद्धा उतरलेली नाही.

कमलताई नवऱ्याकडे वळल्या. "मला एक डाव नेऊन दाखवा तरी. न बघता मी घर सोडनार न्हाई."

"बघू," जगतापकाका म्हणाले. आम्हाला निरोप द्यायला ते फाटकापर्यंत आले, पण घराचा विषय पुन्हा निघाला नाही.

परतीला नीरा, जेजुरी, सासवडवरून आलो. रस्ता ठिकठिकाणी खणलेला आहे, वेळ हाताशी ठेवा. दिवे घाटाच्या माथ्यावर मी गाडी थांबवायला लावली आणि मनसोक्त भांडले. "एकदा, आयुष्यात एकदा तुम्हाला गप्प बसता आलं नाही? मिळत होतं घर!"

"मला कुठे माहीत होतं, तू आत काय सांगतेयस ते?" ते म्हणाले. मग गाडीची चावी फिरवत, "पण मेधा, माहीत असतं तरी मी बोललो असतो. त्या बाईंना धुळीत ढकलून मला तिथे श्वास आला नसता."

मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते बरोबर होते. खाली हडपसरवर करडं धुरकं पसरलं होतं. त्यात उतरलो तसा त्यांचा खोकला सुरू झाला. तिथून वारज्याला पोचायला लागलेल्या वेळात पुन्हा फलटण गाठता आलं असतं.

घरी आल्यावर पंधरा-वीस दिवस मी कुठल्याच गावाचं नाव काढलं नाही. घर ही वस्तू नुसती रिकामी होत नाही, तिच्यातून कुणीतरी उठून जावं लागतं, हे मला सहलीआधी कधी सुचलंच नव्हतं. आणि श्रीकांत रात्री उशीला टेकून बसलेलेच असत.

परवा सकाळी फोन वाजला. कमलताई होत्या. वाघोली बघून आल्या होत्या. "न्हाई जमायचं आमाला. घर काय इकत न्हाई आता."

"बरं केलंत," मी म्हणाले. मनापासून म्हणाले, तरी तो शेवगा आठवलाच.

"ऐका की. आमच्याच गल्लीत दोन खोल्या भाड्यानं हायेत. म्हातारा मालक हाय, भांडकुदळ, पर घर हवेशीर. आधी एक उन्हाळा काढा हितं, मग काय घ्यायचं ते घ्या. आनि बाई..."

"हं?"

"माझ्याशी परत खोटं बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

फोन ठेवला तर श्रीकांत दारात उभे. "काय म्हणत होत्या?"

मी वाईटापासून सुरुवात केली. "दोनच खोल्या आहेत. भाड्याच्या. मालक भांडकुदळ आहे. आणि उन्हाळा असा की रात्री गच्चीवर झोपावं लागेल."

त्यांनी थोडा विचार केला. आता दोष काढणार म्हणून मी कंबर कसली.

"मग घडीची खाट बघायला हवी," ते म्हणाले. "जिना अरुंद असतो तिकडे."