कानवालीने ओळखलेला आवाज

कामावर तिला सगळे कानवाली म्हणत. लढाईपूर्वी ती मुलींच्या शाळेत पलीकडच्या देशाची भाषा शिकवायची. तिची आजी सीमेपलीकडची, त्यामुळे ती भाषा तिला कधी शिकावी लागलीच नव्हती. शिव्यांसकट घरातच आली होती. लढाई पेटली आणि शाळेने तो विषय बंद केला. "शत्रूची भाषा कोण शिकणार आता?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. काही दिवस ती घरी बसून राहिली. मग एक दिवस लष्कराची जीप दारात आली, आणि ज्या भाषेने नोकरी घालवली तिनेच दुसरी दिली.

काम ऐकण्याचं होतं. टेलिफोन कचेरीच्या तळघरात ओळीने टेबलं मांडलेली, प्रत्येकावर रेडिओ, फिरणारी टेप आणि हेडफोन. हेडफोनच्या स्पंजला आधीच्या पाळीतल्या बाईच्या केसांचा वास यायचा, म्हणून ती त्यावर रुमाल गुंडाळायची. शत्रूचं जे काही हवेतून येईल ते ऐकायचं आणि आपल्या भाषेत उतरवायचं. घरी फक्त "टेलिफोनमध्ये आहे" एवढंच सांगायची परवानगी होती. घरात होत्या एकट्या सासूबाई. नवरा आघाडीवर गेला होता.

नवरा शहर बसचा ड्रायव्हर. फौजेने त्याला ट्रकवर घेतलं होतं. कधीकाळी बसचं बॉनेट तोंडावर आपटून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता, आणि तेव्हापासून 'स' म्हणताना त्याच्या तोंडून शिट्टी निघायची. डेपोतले म्हणायचे, याच्या बसला कंडक्टर नको, शिट्टी ड्रायव्हरच मारतो. लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्या ट्रकांचा ताफा वेढ्यात सापडला. घरी निरोप आला, बेपत्ता. सासूबाई म्हणाल्या, "बेपत्ता म्हणजे मेला नाही. मेला असता तर मेला म्हणाले असते. त्यांना कुणाची भीड पडलीय?"

एका दुपारी शत्रूच्या रेडिओ स्टेशनवर एक कैदी बोलायला लागला. बोलणं आपल्याच भाषेतलं, म्हणजे कानवालीला तेवढीच विश्रांती. नुसतं जसंच्या तसं उतरवायचं.

"मी तुमचाच एक सैनिक बोलतोय. आम्ही तीनशे जण नदीकाठच्या तेलाच्या कारखान्यात आहोत. सुखरूप आहोत. आपल्या सरकारने याचा विचार करावा."

सैनिक, सुखरूप, सरकार. प्रत्येक शब्दाला एक बारीक शिट्टी होती.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा लावला. तोवर तिकडे बँड वाजायला लागला होता. ती उठून तळघराच्या प्रमुखाकडे, कर्नलसाहेबांकडे गेली. "साहेब, हा माझा नवरा आहे," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. जिवंत होता. हे घरी सांगता येणार नव्हतं, पण जिवंत होता.

कर्नलसाहेब हसले नाहीत. त्यांनी टेप उचलली आणि म्हणाले, "चला माझ्याबरोबर."

वरच्या मजल्यावर लांब टेबलाभोवती चार-पाच माणसं बसली होती. त्यांत संरक्षणमंत्री आणि हवाईदलाचे प्रमुख तिला वर्तमानपत्रातल्या फोटोंमुळे ओळखू आले. भिंतीवरच्या नकाशात नदीच्या वळणावर लाल खूण होती. टेप दोनदा ऐकवली. मंत्र्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, मुलंबाळं किती म्हणून विचारलं. नाहीत, ती म्हणाली.

"बाई, हा आपला माणूस आहे की त्यांनी उभा केलेला नट?"

"माझा नवरा आहे. ही शिट्टी कुठल्याही नटाला जमायची नाही."

"आणि कारखान्यात आहेत हे खरं?"

"मागे कारखान्याचा भोंगा ऐकू येतोय, साहेब. पुन्हा लावा."

पुन्हा लावली. भोंगा सगळ्यांनी ऐकला. हवाईदलाच्या प्रमुखांनी चष्मा पुसत म्हटलं, "हा कारखाना जळला तर त्यांचे रणगाडे महिन्याभरात थांबतील. आपण थांबलो, तर उद्या ते प्रत्येक पुलावर आपली माणसं बांधून ठेवतील. आज तीनशे आहेत. उद्या किती, कोण मोजणार?"

माणूस खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" मंत्र्यांनी तिलाच विचारलं, अगदी मनापासून.

"बॉम्ब टाकू नका."

"साहजिक आहे," मंत्री म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो." मग ते नकाशाकडे वळले. "सुक्याबरोबर ओलंही जळतं. इलाज नाही."

चहा गार व्हायच्या आत निर्णय झाला होता. बाहेर पडताना कर्नलसाहेबांनी बजावलं, "एक शब्द बाहेर जाता कामा नये. घरीसुद्धा."

त्याच आठवड्यात, उजाडता उजाडता विमानं गेली. कधी जाणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त सकाळच्या पाळीला बोलावून तिला शत्रूच्या अग्निशमन दलाच्या बिनतारी संदेशांवर बसवलं होतं. ही बोली तिच्याइतकी कुणाला कळत नाही, असं कारण दिलं. ती ऐकत गेली आणि लिहीत गेली. पूर्वेची टाकी गेली. पाणी पोचत नाही. कैद्यांच्या शेडला बाहेरून कुलूप आहे, किल्ली कुणाकडे? किल्ली कुणाकडे आहे? मग तिकडचा माणूस आईवरून शिवी देऊन रडायला लागला. लिहिताना ती थांबली.

कर्नलसाहेब मागे उभे होते. "शिवी राहू द्या," ते म्हणाले. "पुढचं लिहा."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गल्लीत आनंदीआनंद होता. रेडिओवर बातमी आली होती. सासूबाई शेजारणींच्या घोळक्यात उभ्या होत्या, तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आलेला. "ऐकलंस का गं? तेलाचा कारखाना उडवला मेल्यांचा! जळू दे, राख होऊ दे! माझ्या पोराला गिळून बसलेत." त्यांनी टाळी द्यायला हात पुढे केला. गल्ली बघत होती. कानवालीने टाळी दिली.

लढाई पुढच्या उन्हाळ्यात संपली, आणि कैद्यांची अदलाबदल झाली. तीनशेंतले चाळीसच परत आले, आणि त्यांत तिचा नवरा होता. स्टेडियमच्या मैदानात ट्रकमधून उतरला, तेव्हा सासूबाईंनी आधी त्याला ओळखलंच नाही. एक कान नव्हता. दोन्ही हातांची बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती, पळी उलटी धरावी तशी.

पहिले काही दिवस तो फारसा बोलला नाही. मग एकदा ती त्याला घास भरवत असताना म्हणाला, "विमानं आपलीच होती, ठाऊक आहे? पहिलं दिसलं तेव्हा आम्ही खिडकीतून हात हलवले. काहीजण नाचले. वाटलं, आली सोडवायला."

तिने पुढचा घास त्याच्या तोंडाशी धरला.

मंत्र्यांनी सभागृहात निवेदन केलं, की कारखान्यात आपले कैदी होते याची सरकारला कल्पना नव्हती. त्यांचे प्राण शत्रूच्या क्रौर्याने गेले. पण परत आलेले चाळीसजण विमानांबद्दल बोलू लागले होते. मग नवं धोरण निघालं. परतलेल्या प्रत्येकाची चौकशी होणार, आणि जो कैदी शत्रूच्या रेडिओवर बोलला तो देशद्रोही. दोन शिपाई येऊन नवऱ्याला घेऊन गेले. बेड्या घालताना अडचण झाली. त्या हातांवर त्या बसेनात, म्हणून त्यांनी दोरी वापरली.

सरकारने दिलेला वकील तिला म्हणाला, "आवाज माझा नाही, असं त्यांनी म्हणावं. टेप खरखरीत आहे, सुटतील."

पण टेपबरोबर सरकारला तिची साक्षही हवी होती. कर्नलसाहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"साहेब," ती म्हणाली, "तो आवाज त्यांचा होता असं मी सांगितलं, तर कारखान्यात कैदी होते हे तुम्हाला माहीत होतं, असाच अर्थ होतो. सभागृहात तर नाही म्हणालात."

"सभागृह वेगळं, बाई. हे कोर्ट बंद दाराआड आहे," ते शांतपणे म्हणाले. "इथलं तिथे जात नाही."

कोर्टात तिने सरळ खोटं सांगितलं. "माझी चूक झाली होती. हा आवाज यांचा नाही."

"मग त्या दिवशी मंत्र्यांसमोर शपथेवर सांगितल्यासारखं का सांगितलंत?" सरकारी वकिलाने विचारलं. "शिट्टी कुठल्याही नटाला जमायची नाही, हे तुमचेच शब्द ना?"

नवरा पिंजऱ्यात उभा होता. त्याने मान वर केली. "कुठल्या दिवशी?" त्याने विचारलं. त्याला गप्प बसायला सांगितलं, पण तो तिच्याकडेच बघत राहिला. "तू ऐकलं होतंस?"

तिने मान डोलावली.

"आणि त्यांना सांगितलंस?"

"हो. त्याच दिवशी."

तो न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "आवाज माझाच आहे. आजाऱ्यांना औषध देतो म्हणाले, म्हणून त्यांनी दिलेला कागद वाचला. आणि मला वाटलं होतं, कुणीतरी ऐकेल, म्हणजे बॉम्ब टाकणार नाहीत." दातातून शिट्टी निघतच होती.

पाच वर्षं सक्तमजुरी झाली. त्या हातांना कसली मजुरी द्यावी हे तुरुंगातल्यांना कळेना, म्हणून त्याच्याकडून पाण्याची टाकी भरणारा रहाट छातीने ढकलवत. खोट्या साक्षीबद्दल तिची नोकरी गेली. सासूबाईंना मुलगा देशद्रोही ठरला हे शेजारणीकडून कळलं, बाकीचं सुनेने स्वतः सांगितलं. त्या गल्लीत उतरेनाशा झाल्या, आणि तो सुटायच्या आधीच गेल्या. शेवटपर्यंत सुनेला एकच विचारायच्या, "तुला तो जिवंत आहे हे ठाऊक होतं, आणि तू मला टाळी दिलीस?"

तो घरी आला तोवर दोन्ही देशांचा व्यापार सुरू झाला होता. ती भाषा जाणणारी माणसं मिळेनात, तेव्हा व्यापार खात्याने तिला रोजावर बोलावलं. मागचं कुणी विचारलं नाही. एका करारासाठी पलीकडचं शिष्टमंडळ आलं, आणि आपल्या बाजूने तेच मंत्री बसले, आता दुसऱ्या खात्याचे. त्यांनी तिला लगेच ओळखलं. चेहरा उजळला.

"अहो, तुम्ही! तुमचे मिस्टर कैदेत होते ना? आले का परत?"

"आले."

"वा. कसे आहेत?"

"बरे आहेत."

"फार बरं वाटलं ऐकून," मंत्री म्हणाले. ते खरंच खूश दिसत होते. मग त्यांनी पलीकडच्या पाहुण्यांकडे वळून दोन देशांच्या मैत्रीबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि तिने वाक्यामागून वाक्य भाषांतर केलं. करार तेलाचा होता.

घरी नवरा दाराशी बसला होता. सकाळी तिने त्याला घालून दिलेला शर्टच अजून अंगात. तिने त्याला सगळं सांगितलं.

"काय म्हणालीस त्याला?"

"बरे आहेत, म्हणाले."

"आता जमायला लागलं तुला खोटं," तो म्हणाला, आणि बटणं काढायला तिच्यापुढे छाती केली.